कपौजुरी बागेचा वरचा तास

खगेन चेतियांच्या घरात दोन भिंतींवर दोन घड्याळं होती आणि दोन्ही बरोबर होती. बाहेरच्या खोलीतलं खगेनबाबूंचं. ते चहाच्या बागेच्या वेळेने चाले. स्वयंपाकघरातलं त्यांच्या बायकोचं, निरुपमा बाईदेउंचं; बाईदेउ म्हणजे तिकडे शाळेतल्या बाई. त्या बागेच्या कुंपणापलीकडच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवत, तेव्हा त्यांचं घड्याळ सगळ्या देशाबरोबर, म्हणजे बागेच्या एक तास मागे. बाहेर आठ वाजले की आत सात. सत्तावीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांच्या घड्याळाला हात लावला नव्हता आणि एकमेकांना टोमणे मारणंही सोडलं नव्हतं. "हा माणूस माझ्या तासभर पुढे राहतो," असं निरुपमा माहेरी सांगायच्या, "पण जेवायला हाक मारली की तासभर मागे."

कपौजुरीत यात कुणाला वावगं वाटत नसे. आसामच्या या टोकाला उजाडतं लवकर आणि थंडीत सरकारी साडेचारलाच सूर्य गाशा गुंडाळतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्याशा गोऱ्या साहेबाने वैतागून बागेचं घड्याळ तासभर पुढे ढकललं. साहेब गेला, तास राहिला. फॅक्टरीच्या दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर एतवा चौकीदार ठोके देई आणि त्याचे ठोके हीच बागेची वेळ. लग्नपत्रिकेवर 'बागेचे सहा' की 'सरकारी सहा' हे छापावं लागे. जो छापायला विसरे त्याच्या मांडवात पाहुणे दोन हप्त्यांत येत.

चौतीस वर्षं खगेनबाबू तिथे फॅक्टरीबाबू होते. दळलेली हिरवी पत्ती गार खोलीत पसरून ठेवतात, ती तास-सव्वातासात तांबूस होते, आणि नेमक्या क्षणी भट्टीत गेली नाही तर चहा कच्चा तरी राहतो नाहीतर मरतो. तो क्षण कोणता, हे खगेनबाबूंचं नाक सांगे. नाक चांगलं मोठं होतं आणि त्याचा गर्व त्याहून मोठा. सर्दी झाली की ते सरळ रजा टाकत. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्यानंतर एवढ्या नाकाचं घरात करायचं काय, ही निरुपमांची काळजी होती.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ऑफिसने या नाकाच्या मदतीला दोन डब्या पाठवल्या. एक गार खोलीत लावायची, एक भट्टीच्या तोंडाशी. पत्ती पसरली की खगेनबाबूंनी पहिल्या डबीचं बटण दाबायचं, ती वेळ टिपणार. पत्ती भट्टीत पडली की दुसरी आपली आपणच टिपणार. मग दोघी नेटवरून कलकत्त्याला कळवणार. बसवायला आलेला माणूस घाईत होता. भट्टीजवळ नेट चांगलं मिळालं, तिथल्या डबीने वेळ परस्पर नेटवरून उचलली. गार खोलीच्या ओल्या जाड भिंतींत मात्र नेट अडखळत होतं, म्हणून तिथली डबी विचारू लागली की आत्ता किती वाजले. तो माणूस बाहेर फोनवर बोलत होता. खगेनबाबूंनी कान दिला, एतवाचे दहा ठोके मोजले आणि डबीत दहा भरले. बागेतल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. डबीने पुढे शहरांची एक लांबलचक यादी दाखवली. त्यात कलकत्ता आधीच निवडलेलं होतं. मालकांचं गाव, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी कलकत्त्याहून तथागत सोम आले. तिशीचा, सभ्य, हसण्याची फारशी सवय नसलेला माणूस. मॅनेजर साहेबांनी त्यांना दहाला भेटायचं ठरवलं होतं. सोम फोनमध्ये बघून ठीक दहाला पोचले, तेव्हा बागेत अकरा वाजले होते आणि साहेब वाट बघून फेरीला निघून गेले होते. सोम तासभर व्हरांड्यात बसले. कुणीतरी त्यांना मजुरांच्या किटलीतला, मीठ घातलेला काळा चहा दिला. त्यामुळे दिवसाची सुरुवातच बिनसली होती.

मग त्यांनी खगेनबाबूंसमोर एक छापील कागद ठेवला आणि शांतपणे विचारलं, "चेतियाबाबू, तुमच्याकडे पत्ती दहा मिनिटांत तांबूस होते?"

खगेनबाबू म्हणाले, छे, सत्तर लागतात. थंडीत थोडी जास्त.

"इथे दहा आहे. रोज. पाच-सहा मिनिटं इकडेतिकडे. बारा सप्टेंबरला तर कमाल आहे. त्या दिवशी पत्ती आधी भट्टीत पडली आणि नंतर पाच मिनिटांनी पसरली गेली."

बारा सप्टेंबर खगेनबाबूंना आठवत होता. उकाडा असह्य होता आणि नाकाने पंचावन्न मिनिटांतच हाक दिली होती. त्यांनी ते सांगितलंही. त्यावर सोम म्हणाले, "नाकाने दिलेली हाक कलकत्त्याला ऐकू येत नाही. डबीची येते."

सोमांच्या मते प्रकरण सरळ होतं. दोन्ही डब्या वेळ नेटवरून घेतात, असं त्यांच्या कागदावर छापलेलं होतं आणि छापलेल्यावर त्यांचा फार भरवसा होता. मग चूक बोटाचीच. पत्ती पसरून तासभर झाल्यावर म्हाताऱ्याला आठवण होते, तो बटण दाबतो आणि नोंद खोटी पडते. शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर शेरा नोकरीच्या पुस्तकात जाईल, असं सांगून ते उठले. चौतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात, शेवटून दुसऱ्या महिन्यात शेरा. खगेनबाबूंनी कागदाची घडी करून खिशात घातली.

चारचे ठोके पडले तसे ते घरी आले. रोजच्यासारखा बिनदुधाचा लाल चहा टाकला. निरुपमा आपल्या साडेतीनला सायकलवरून आल्या तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि नवरा कागदात तोंड घालून बसला होता. त्यांनी पिशवी ठेवली, कागद ओढून घेतला, चष्मा वर-खाली केला आणि हसायला लागल्या.

"दहा नव्हे हो, सत्तर. यातली एक डबी बाहेरच्या खोलीत राहते आणि एक माझ्या स्वयंपाकघरात."

निरुपमांनी त्यांना भिंतीवरची दोन घड्याळं बोटाने दाखवली, वर्गात दाखवतात तशी, आणि विचारलं, गार खोलीतल्या डबीत वेळ कुणी भरली. खगेनबाबूंनी कपाळाला हात लावला. नऊला पसरलेली पत्ती बागेच्या दहा-दहाला भट्टीत गेली, पण भट्टीची डबी सरकारी. तिच्या लेखी तेव्हा नऊ-दहाच. वजा करणाऱ्याला दहा मिनिटंच मिळणार.

"तीन महिने तुमचा चहा पसरायच्या आधी भाजून निघतोय," निरुपमा म्हणाल्या, "आणि तुमच्या नाकाला पत्ता नाही."

खगेनबाबूंना तिथल्या तिथे, सोम उतरले होते त्या पाहुण्यांच्या बंगल्याकडे पळत सुटायचं होतं. बाईदेउंनी आधी चहा प्यायला लावला, आणि सकाळी तोंड धुऊन, नीट शर्ट घालून जा, असं बजावलं.

शुक्रवारी ते नीट शर्ट घालून गेले. मॅनेजर साहेबांच्या टेबलाशी सोम आधीच बसले होते आणि भलत्याच विषयावर बोलत होते. नदीपलीकडची कंपनीची दुसरी बाग यंदाच्या वैशाखातल्या बिहूपासून सरकारी वेळेवर आली आहे, तिथले सगळे कागद कसे स्वच्छ येतात, आणि कपौजुरीही तशीच करावी, असं कलकत्त्यात बरेच दिवस चाललं आहे. अडलंय ते एवढ्यावरच की, वरच्यांना एक ठोस कारण हवंय.

"बागेच्या वेळेमुळे एक जरी नोंद बिघडली, असं मला दाखवता आलं ना," सोम म्हणाले, "तर जानेवारीपासून हे दुहेरी घड्याळ बंद. हं, चेतियाबाबू, तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात?"

ठोस कारण खगेनबाबूंच्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, काही नाही, साहेबांना नमस्कार करायला आलो होतो. आणि नमस्कार करून बाहेर पडले.

बागेत गुपित असं काही राहत नाही. दुपारी पाती मोजायच्या शेडपाशी सुकुरमोनी तांतीने त्यांना गाठलं. ती पाती खुडणाऱ्या सत्तर बायांची सरदारनी. आवाज असा की, एतवाचा ठोका चुकला तरी तिचा चुकत नसे. आज मात्र ती हळू बोलली.

"बाबू, डबीत आपली वेळ तुम्हीच भरलीत म्हणे."

खगेनबाबू म्हणाले, भरली. तुला कुणी सांगितलं?

"तुमच्या चेहऱ्याने. सकाळपासून गळू झाल्यासारखा घेऊन फिरताय." तिने पाठीवरची टोपली उतरवली. "आता तुम्ही खरं सांगून मोकळे होणार. व्हा. तुमचं नाव आहे. तुम्ही डिसेंबरला बाईदेउंच्या घड्याळात राहायला जाल. आम्ही इथेच आहोत."

हे त्यांना लागलं, कारण ते खरं होतं. बागेचे चार म्हणजे सरकारी तीन. तेव्हा सुटल्या की या बायांच्या वाट्याला दीड तास ऊन येई. त्यात लाकडं, नदीवरचं धुणं, घरामागचा भाजीचा तुकडा, आणि चार शब्द. तास गेला तर शेवटची टोपली मोजून होईपर्यंत दिवस संपणार आणि घरी जाताना ओढ्याजवळच्या झाडीतून, जिथे दरवर्षी एकदोनदा हत्ती उतरतात, अंधारातून जावं लागणार. हे सगळं थांबवायचं तर खगेनबाबूंनी एवढंच करायचं होतं की, बटण उशिरा दाबलं, असं लिहून द्यायचं.

संध्याकाळी त्यांनी ते लिहायला घेतलं. 'वयोमानाने विसर पडून बटण वेळेवर दाबले गेले नाही.' हे एक वाक्य लिहायला त्यांना तीन कागद लागले. ते विसरणाऱ्यांपैकी नव्हतेच. पत्तीचं तर सोडाच, एकोणीसशे ब्याण्णव साली बाईदेउंनी कुठल्या साडीत नकार दिला होता आणि कुठल्या साडीत होकार, हेही त्यांना पाठ होतं. लिहून झालं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

निरुपमांनी कागद वाचला. खगेनबाबू टोमण्याची वाट बघत होते. टोमणा आला नाही, तेव्हा त्यांना खरी भीती वाटली.

निरुपमांनी कागद टेबलावर ठेवला आणि फोन उचलला. त्यांची लेक मस्कतला नोकरी करत होती आणि ती जेवत असेल की झोपली असेल हे कळावं म्हणून बाईदेउंनी फोनमध्ये तिच्या गावचं घड्याळ घालून घेतलं होतं. दीड तास मागे. ते त्यांनी उघडलं.

"माझा फोन नुसते आकडे विचारत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "आधी गाव विचारतो. मस्कत म्हटल्यावर मगच वेळ दाखवली त्याने. तुमच्या डबीने गाव विचारलं होतं?"

विचारलं होतं. यादी दाखवली होती. खगेनबाबूंनी सांगितलं की, कलकत्ता राहू दिलं.

"म्हणजे तुम्ही वेळ सांगितलीत बागेची आणि गाव सांगितलंत कलकत्ता. मग कलकत्त्याने ती आपलीच समजली, त्यांचा काय दोष? चौथीतल्या मुलाने असं केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं." टोमणा आला तसे खगेनबाबू जरा सावरले. "आता बागेच्या वेळेचं गाव शोधायला हवं. आपल्या एक तास पुढे घड्याळ असलेलं."

दोघं डोकं लावून फोनवर शहरं बघू लागले. ढाका? ते अर्धाच तास पुढे. थिंफूही तेवढंच. बँकॉक दीड तास. निरुपमांचं बोट यादीत खाली खाली गेलं आणि एका नावावर थांबलं. त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"रंगून," त्या म्हणाल्या. "मिनिटाला मिनिट. मी सत्तावीस वर्षं समजत होते की, नवरा शेजारच्या खोलीत असतो. हा तर ब्रह्मदेशात राहतोय."

खगेनबाबूंनी नाव स्वतः वाचलं. यादीत यांगून असं लिहिलेलं होतं, पण वेळ आपलीच होती. आहोम माणूस, पूर्वज आठशे वर्षांपूर्वी पाटकाई डोंगर ओलांडून त्याच बाजूने आलेले. ही गोष्ट बाईदेउंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "तुमचे लोक डोंगर उतरून आले आणि घड्याळ बदलायचं विसरले," असं त्यांनी जेवता जेवता सुनावलं. खगेनबाबू पहिल्यांदाच पोटभर हसले आणि मग त्यांनी विसराळूपणाचा कागद फाडून चुलीत टाकला.

शनिवारी सकाळी त्यांनी सोमांना सगळं खरं सांगितलं. बागेची वेळ मीच भरली, गाव मीच चुकीचं राहू दिलं, यात बागेच्या वेळेचा दोष नाही, माझा आहे, आणि तो एका बोटाने दुरुस्त होतो. सोमांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण लॅपटॉप उघडलेला होता. गार खोलीच्या डबीपुढे 'कलकत्ता' लिहिलेलं होतं. खगेनबाबूंच्या सांगण्यावरून त्यांनी ते काढून 'यांगून' निवडलं.

तीन महिन्यांचा रकाना एका क्षणात बदलला. दहाचे सत्तर झाले, आठचे अडुसष्ट. सोमांनी रकाना वर नेला, खाली आणला आणि ते बारा सप्टेंबरवर थांबले. तिथे पंचावन्न होते.

"पंचावन्न," ते पुटपुटले. "तुम्ही परवा तेच म्हणाला होतात."

"नाकाने म्हटलं होतं," खगेनबाबू म्हणाले. एवढा एक वार त्यांनी राखून ठेवला होता.

सोमांनी सरळ मनाने माफी मागितली. शेरा जाणार नाही, उलट चांगलं लिहीन, म्हणाले. पण मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि खरं काय ते सांगितलं. हिशेब जुळला तरी प्रत्येक अहवालावर बागेच्या नावापुढे यांगून छापून येणार. कलकत्त्याच्या बैठकीत लोक हसतील. आसामचा चहा आणि पत्ता ब्रह्मदेशचा, ते उत्तर मी किती वेळा देत बसू? त्यापेक्षा सगळ्यांचं घड्याळ एक केलेलं बरं. खगेनबाबूंचं नाव वाचलं होतं आणि तास मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने सोमांच्या ताटात वाढला होता. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं.

चारचे ठोके पडले तेव्हा ते सोमांना म्हणाले, चला, पाय मोकळे करू. ते त्यांना मजुरांच्या घरांकडे घेऊन गेले. पुढे काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. ऊन तिरपं होऊन अंगणांत पसरलं होतं. कुणी केस विंचरत होतं, कुणी सरपण फोडत होतं. सुकुरमोनी घरामागे दुधीच्या मांडवाखाली उभी होती. साहेब बघून तिने पदर खोचला आणि विचारलं, परवाचा मिठाचा चहा उतरला का. सोम कानापर्यंत लाल झाले.

मग तिने कोपऱ्यातून एक भलामोठा पिवळट दुधी उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "नख लावून बघा, साहेब."

सोमांनी लावलं. नख आत गेलं नाही.

"नदीपलीकडे माझी बहीण आहे, हा तिच्या मांडवावरचा. दुर्गापूजेला दिवस आखूड झाले, तेव्हापासून ती घरी येते तेव्हा अंधार असतो. वेलावर काय लागलंय ते तिला दिसत नाही. रविवारी बघते तोवर सगळे म्हातारे." सुकुरमोनीने आपल्या वेलावरचा कोवळा दुधी कापला आणि तोही त्यांच्या हातात ठेवला. "हा माझा. याला नख लावा. मग काय लिहायचं ते लिहा. मला वाचता येत नाही, तुम्हाला संकोच नको."

सोम दोन्ही हातांत दोन दुधी घेऊन उभे राहिले. परतताना म्हातारा दुधी त्यांनी कुंपणाशी ठेवला आणि कोवळा हातातच राहिला. बंगल्याच्या पायरीवर त्यांनी एवढंच विचारलं की, उद्या दिब्रुगढहून विमान एकचं आहे, गाडी नऊला सांगाल का? खगेनबाबू म्हणाले, सांगतो. कुठले नऊ, हे सोमांनी सांगितलं नाही आणि खगेनबाबूंनी विचारलं नाही.

रविवारी एतवाचे नऊ ठोके पडले तसा गाडीचा भोंगा वाजू लागला. सोमांच्या फोनमध्ये आठ होते आणि गालांवर साबणाचा फेस होता. ड्रायव्हर म्हणाला, बाबूंनी नऊ सांगितले, नऊ वाजले, आता मी काय करू. साहेब तसेच अर्धे दाढी केलेले, पिशवीत दुधी घालून रवाना झाले.

दिवसभर खगेनबाबू बाहेरच्या खोलीत बसून होते. निरुपमा दोनदा म्हणाल्या की, फोनकडे असं बघून तो लवकर वाजत नाही. सरकारी एकच्या सुमारास तो वाजला. सोमांचा निरोप होता. खगेनबाबूंना चष्मा सापडेना, म्हणून बाईदेउंनीच तो वाचून दाखवला.

"चेतियाबाबू, तुमच्या ड्रायव्हरच्या कृपेने विमानतळावर तासभर आधी पोचलो. इथे करण्यासारखं काही नव्हतं. पिशवीतल्या दुधीला नख लावून पाहिलं, लागलं. मग त्याच तासात अहवाल लिहून पाठवून दिला. दोष डबीच्या मांडणीत होता, तो दूर केला आहे. तुमच्या बागेत डबीचं गाव यांगून राहील आणि बागेची वेळ आहे तशी राहील. नदीपलीकडच्या बागेलाही ती परत द्यावी, अशी शिफारस केली आहे. बैठकीत हसतील ते हसोत. तपासणीच्या शिपायाने दुधी बाहेर काढायला लावून दोनदा फिरवून पाहिला, तेव्हा हसून घ्यायची सवय मला आत्ताच झाली आहे."

खगेनबाबू चप्पल न घालताच सुकुरमोनीच्या घरी गेले. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, साहेब दुधी चिरतो कसा कुणास ठाऊक, सालीसकट तर नाही ना खाणार. पण खगेनबाबू वळले तेव्हा तिने एतवाला अशी हाक मारली की, मजुरांच्या घरांच्या सगळ्या लाइनीला बातमी कळली.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी कलकत्त्याहून मानपत्र आलं. ऑफिसच्या यंत्राने नाव-गाव आपल्या यादीतून परस्पर उचललं होतं. 'श्री. खगेन चेतिया, फॅक्टरीबाबू, कपौजुरी बाग, यांगून.' निरुपमांनी ते काचेत बसवून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागल्या की, बघा, माणूस परदेशात चौतीस वर्षं नोकरी करून परत आलाय.

बाबू-लाइनीतलं, म्हणजे बागेने बाबू लोकांना दिलेल्या घरांपैकी, घर आता सोडायचं होतं. शाळेजवळच्या गावात निरुपमांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं, तिकडे सामान निघालं. खगेनबाबूंनी बाहेरच्या खोलीतलं घड्याळ उतरवलं आणि काटे तासभर मागे घ्यायला हात लावला. ते म्हणाले, आता बाग सुटली, आता तुझ्याच वेळेने चालायचं, दोन दोन घड्याळं कशाला.

निरुपमांनी त्यांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं.

"हात नका लावू त्याला," त्या म्हणाल्या. टोमणा मारताना असतो तो सूर नव्हता. "सत्तावीस वर्षं मी शाळेतून आले तेव्हा घरी ऊन होतं, चहा झाकलेला होता आणि तुम्ही होतात. बाकीच्या बायांचे नवरे दिवे लागल्यावर येतात. तुमच्या त्या रंगूनने मला रोज एक तास दिला. मी कधी बोलले नाही, बोलले असते तर तुम्ही चढून बसला असतात."

खगेनबाबूंचं नाक लाल झालं. ते म्हणाले, सर्दी झाली बहुतेक. निरुपमा म्हणाल्या, आता रजा टाकायला ऑफिस नाही, घड्याळ धरा नीट. नव्या घरी त्यांनी आधी खिळा ठोकला, मग चूल पेटवली. पुढच्या शाळेच्या दिवशी दुपारी कुंपणापलीकडून एतवाचे चार ठोके ऐकू आले, तेव्हा खगेनबाबू उठले आणि बाईदेउ शाळेतून यायला अर्धा तास आहे, हे बघून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.